‘ही पळी कशाला ठेवलीय?’ : शाळा, संगणक आणि नोकरी – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात शाळांच्या वेबसाइट आणि डिजिटल धडे तयार करण्याच्या कामावर मी दोन पानं लिहिली होती. ‘या कामात जाणती माणसं कमी पडतात’ असं एक वाक्य त्यात होतं आणि बहुतेक पत्रं त्या एका वाक्याला धरून आली. त्यातली सहा इथे घेतली आहेत. नावं काढली आहेत, बडोद्यातले भाग तसेच ठेवले आहेत. मी कोण, असंही काहींनी विचारलंय. २००१ साली बडोद्यातल्या एका शाळेत संगणक कक्षाची मदतनीस म्हणून मी लागले. कक्षात अकरा संगणक होते, त्यातले सात चालायचे. आज दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही चौघीजणी शाळांचं हेच काम करतो.

ताई, मी बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वेबपानं बनवायला लागणारं एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट येतं, रिअ‍ॅक्टचा कोर्स झालाय. शैक्षणिक कंपन्यांत चाळीसेक अर्ज केले. दोन ठिकाणी मुलाखत झाली आणि दोन्हीकडे एकच प्रश्न आला : ‘शिक्षणासाठी काय केलंयत?’ माझ्याकडे दाखवायला एका हॉटेलची साइट आणि एक शॉपिंग कार्ट आहे. आता काय करू? – मांजलपूर

त्यांनी विचारलं ते रास्त आहे. त्याचं उत्तर तयार करायला तुला तीन महिने पुरतील.

घराजवळची एक प्राथमिक शाळा गाठ. मुख्याध्यापकांना सांग की मला एक आठवडा चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसू द्या, मी शिकायला आलोय. बहुतेक जण हो म्हणतात. लॅपटॉप घरी ठेव, वही ने. वजाबाकीचा तास असेल तर ५०२ वजा २६८ हे गणित फळ्यावर येईपर्यंत थांब आणि मुलांच्या वह्या बघ. मधलं शून्य आलं की निम्मा वर्ग अडतो. शून्याकडून घ्यायचं काय? मग काही जण आठातून दोन वजा करून सहा लिहितात, काही जण शेजाऱ्याचं बघतात. ही अडण्याची जागा तुझ्या डोळ्यांनी दिसली की तुझा धडा तिथून सुरू होतो. एकच धडा कर, सात-आठ पडद्यांचा, त्या शून्यावरचा. हॉटेलची साइट बाजूला ठेव.

धडा झाला की त्याच वर्गातल्या पाच मुलांपुढे ठेव आणि स्वतः हाताची घडी घालून बस. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. हे फार अवघड जातं. दहा-अकरा वर्षांपूर्वी आम्ही पाचवीसाठी झाडा-पानांची ओळख करून देणारा धडा केला होता. झाडाचं नाव शोधता यावं म्हणून वर कोपऱ्यात भिंगाचं चित्र दिलं होतं, सगळीकडे असतं तसंच. छोटाउदेपूरकडच्या एका आश्रमशाळेत तो दाखवायला गेलो. मुलं घरी राठवी बोलणारी, शाळेत गुजराती शिकणारी. झाडं त्यांना आमच्यापेक्षा जास्त ओळखू येत होती, पण अर्धा तास झाला तरी एकानेही त्या चित्राला हात लावला नाही. शेवटी राहवेना म्हणून मी विचारलं, हे काय आहे? पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, पळी. आणि मग तिनेच मला विचारलं, ही पळी कशाला ठेवलीय?

भिंग तिने कधी हातात घेतलेलं नव्हतं. गोल तोंड आणि लांब दांडा म्हणजे चुलीजवळची पळी, हे तिचं वाचन चोख होतं. चूक आमची होती. आम्ही चित्राशेजारी ‘शोधो’ असा ठळक गुजराती शब्द घातला. पुढच्या खेपेला त्याच मुलीने पहिल्या मिनिटात पळसाचं झाड शोधून दाखवलं.

आधी थोड्या ठिकाणी करून बघायचं आणि मग पसरवायचं, ही रीत बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केलं आणि सगळ्या राज्याला ते लागू केलं १९०६ मध्ये. मधल्या तेरा वर्षांत त्यांनी काय काय पाहिलं असेल, याचा विचार मी नेहमी करते.

आता तांत्रिक. तुझा धडा तुझ्या लॅपटॉपवर नव्हे, तुझ्या आईच्या फोनवर उघडून बघ. क्रोममध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करून बघण्याची सोय आहे, ती वापर. एका चित्राचं वजन तीन एमबी असेल तर ते मूल वाट बघत बसणार नाही, फोन दादाला परत देऊन खेळायला जाईल. १९१० मध्ये बोर्डेन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल महाराजांच्या बोलावण्यावरून इथे आले आणि त्यांच्या व्यवस्थेत गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या जायला लागल्या. पेटीत मावतील तेवढीच पुस्तकं जात, म्हणून कुणालातरी बसून निवड करावी लागे. तुझं पानही तसंच भर.

मूडल शिकून घे, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर; अशा सॉफ्टवेअरला एलएमएस म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन डुगियामास यांनी २००२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली, ते आजही मोफत आहे आणि कितीतरी शाळा-कॉलेजांचे ऑनलाइन वर्ग त्यावर चालतात. स्वतःच्या संगणकावर बसव, दोन खोटे वर्ग आणि दहा खोटे विद्यार्थी तयार कर, एकाला नापास कर, एकाचा पासवर्ड हरवू दे. एच-फाइव्ह-पी या साधनात प्रश्नमंजूषा, ओढून जागेवर ठेवायची कोडी, मध्ये थांबून प्रश्न विचारणारे व्हिडिओ करता येतात. स्कॉर्म म्हणजे काय, ते समजून घे. थोडक्यात सांगायचं तर धडा एका ठराविक पद्धतीने पुडक्यात बांधायचा, म्हणजे तो कुठल्याही एलएमएसवर चढतो आणि मुलाचे गुण परत कळवतो. आणि कोलोराडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली विज्ञानाची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हलवून बघायचे प्रयोग, उघडून बघ, मराठीत आणि गुजरातीतही आहेत. नोबेल मिळालेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये तो प्रकल्प सुरू केला. तिथे सूचना किती कमी आहेत, ते मोज. मूल हाताने हलवून बघतं आणि त्याला कळतं. यातल्या कशालाही रिअ‍ॅक्ट आधी लागत नाही, ते आहे ते चांगलंच आहे, नंतर उपयोगी पडेल.

अर्ज करताना ‘वेब डेव्हलपर’ एवढंच शोधू नकोस. इन्स्ट्रक्शनल डिझायनर म्हणजे धड्यांची आखणी करणारा, कंटेंट डेव्हलपर, एलएमएस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, शाळांच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतला इम्प्लिमेंटेशनचा माणूस, ही सगळी याच घरातली दारं आहेत. आणि त्या पाच मुलांबरोबर काय घडलं, ते दीड पानात लिहून अर्जाला जोड. मी माणूस घेताना आधी ते पान वाचते.

मी गुजराती माध्यमाच्या शाळेत बावीस वर्षं गणित शिकवते, वय ४६. २०२० पासून शाळेचं सगळं ‘डिजिटल’ माझ्या गळ्यात आहे : युडायस या सरकारी नोंदणीत शाळेची माहिती भरणं, ऑनलाइन हजेरी, दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलचं प्रशिक्षण, स्मार्ट बोर्ड बंद पडला तरी मीच. पगार तोच. यातून काही करिअर होतं की मी नुसती राबतेय? – वाडी

बाई, तुमच्या पत्रात दोन वेगळी कामं एकत्र बांधलेली आहेत, आधी ती सोडवूया. युडायस भरणं, हजेरी चढवणं हे कारकुनी काम आहे. ते नीट व्हायला हवं, शाळेचं अनुदान आणि नोंदी त्यावर चालतात, पण त्यातून तुमची वाढ होणार नाही. ते ऑफिसकडे परत जावं म्हणून लेखी अर्ज द्या. सौम्य भाषेत, पण लेखी. स्मार्ट बोर्डच्या दुरुस्तीसाठी वार्षिक करार असतो, तो कुणाशी आहे ते विचारा आणि तो नंबर बोर्डाशेजारीच चिकटवा.

राहिलेलं काम मात्र तुमचं आहे, आणि त्यात तुम्ही पंचविशीतल्या मुलांच्या पुढे आहात. बावीस वर्षं तुम्ही वह्या तपासल्या आहेत. अपूर्णांकांची बेरीज करताना मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात, हे तुम्हाला झोपेतही माहीत आहे. धडे बनवणाऱ्या कंपन्यांकडे चित्रकार असतात, कोडवाले असतात. चुकीच्या उत्तरामागे मुलाने काय विचार केला, हे सांगणारं माणूस त्यांना शोधावं लागतं. तुम्ही ते आहात.

म्हणून कोड शिकू नका, स्टोरीबोर्ड लिहायला शिका. साध्या कागदावर चार रकाने आखा. पडद्यावर काय दिसेल, आवाजात काय ऐकू येईल, मूल काय करेल, आणि चुकलं तर पुढे काय होईल. चौथा रकाना सगळ्यात मोठा ठेवा. बहुतेक धड्यांत तिथे ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढंच असतं आणि मुलाला काहीच मिळत नाही. ज्याने अंश-छेद सरळ मिळवले त्याला दोन अर्ध्या भाकरी दाखवा. त्याच्या रीतीने उत्तर दोन चतुर्थांश येतं, म्हणजे परत अर्धीच भाकरी. त्याला तिथेच कळतं की घोळ झालाय.

दीक्षा २०१७ मध्ये सुरू झालं आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. तुमच्या पुस्तकातले कोड उघडा, तुमच्या वर्गाला कुठला व्हिडिओ कळतो आणि कुठला नाही, ते टिपत जा. वर्षभराने ती वही म्हणजेच तुमचा अर्ज असेल. पुढे पद्धतशीर शिकावंसं वाटलं तर आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची शिक्षणशास्त्राची विद्याशाखा जुनी आणि नावाजलेली आहे. मुंबईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी.ही होते, पण तो लांबचा रस्ता आहे.

नोकरी आत्ता सोडू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या संस्थेसाठी दहा स्टोरीबोर्ड लिहून बघा. मुख्याध्यापकांकडे मात्र आठवड्याचे चार तास मागा, वेळापत्रकात लिहून. ‘रिकाम्या तासाला करा’ यावर मान डोलावू नका, शाळेत रिकामा तास कधी येत नाही.

माझ्या मुलीला फाइन आर्ट्सला अप्लाइड आर्ट घ्यायचंय. ‘शाळांच्या पुस्तकांसाठी आणि मोबाइलवरच्या धड्यांसाठी डिझाइन करीन’ म्हणते. घरचे म्हणतात, इंजिनिअरिंग कर, चित्रं काढून पोट भरत नाही. तुमचं मत काय? – एक आई, कारेलीबाग

ताई, तिला जाऊ द्या.

बडोद्यात राहून चित्राला कमी लेखणं मला पटत नाही. १८९० मध्ये इथे कलाभवन निघालं, त्यात तंत्र आणि कला एकाच छपराखाली शिकवायचे, आणि सुरुवातीच्या काळातल्या विद्यार्थ्यांत नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद, म्हणजे दादासाहेब, फाळके होते. चित्रकला, फोटोग्राफी यात त्यांचा हात इथे बसला. पुढे ते काय करून गेले ते तुम्ही जाणताच. विद्यापीठ झालं १९४९ मध्ये आणि पुढच्याच वर्षी फाइन आर्ट्स. या गावाने हे शिक्षण मनापासून उभं केलंय.

तिला एक खास क्षेत्र सुचवते. अक्षर. आपल्या देवनागरीला शिरोरेषा आहे आणि तिच्यावर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार चढतात. खाली उकार आणि जोडाक्षरं लोंबतात. गुजरातीला शिरोरेषा नाही. इंग्रजीसाठी ठरवलेलं दोन ओळींमधलं अंतर मराठीला दिलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. दुसरीतल्या मुलाला मग ‘कि’ आहे की ‘की’ हेच दिसत नाही. हे ज्याच्या डोळ्याला खटकतं, अशा माणसाची प्रत्येक भारतीय भाषेला गरज आहे. एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे टाइप, म्हणजे फॉन्ट, बघायला सांगा, देवनागरी आणि गुजराती दोन्हींत आहेत, मोफत मिळतात. एकाच घराण्यातले टाइप दोन लिप्यांत शेजारी कसे बसवलेत, हे निरखण्यातच तिचे आठ दिवस जातील.

एक अट मात्र घाला. दुसऱ्या वर्षापर्यंत तिने एचटीएमएल आणि सीएसएस शिकलं पाहिजे. कागदावर सुरेख आणि फोनवर मोडलेलं, असं काम आमच्याकडे वरचेवर येतं.

आम्ही दोघे मित्र शाळांच्या साइट करायचं ठरवतोय. एका शाळेच्या ट्रस्टींनी ‘बारा हजारात सगळं करून द्या’ म्हटलंय. घ्यावं का? आणि कुठे फसायला होतं? – प्रतापनगर

घ्या. पण ‘सगळं’ हा शब्द कागदावर येऊ देऊ नका. पानं किती, मजकूर कोण देणार, फोटो कोण काढणार, पहिल्या वर्षानंतर देखभालीचे किती, एवढं आधी लिहून सह्या घ्या. मी नेहमी तीन वेगळ्या रकमा सांगते : बांधणी, मजकूर आणि वर्षाची देखभाल. मजकुराचं काम लोकांना दिसत नाही आणि सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. ‘आमच्या शाळेविषयी’ या दोन परिच्छेदांसाठी मी दोन-दोन महिने वाट बघितली आहे.

सीबीएसईची शाळा असेल तर एक पान सक्तीचं आहे. संलग्नतेचं पत्र, संस्थेची नोंदणी, इमारतीच्या आणि अग्निसुरक्षेच्या दाखल्यांच्या प्रती, शुल्क, शिक्षकांची संख्या, बोर्डाचे निकाल अशी सगळी माहिती ‘मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर’ म्हणून साइटवर ठेवावीच लागते. हे ठरावीक नमुन्यात असतं आणि दर वर्षी बदलावं लागतं. हे पान ज्याला नीट सांभाळता येतं, त्याला शाळा सोडत नाहीत.

आता फसण्याच्या जागा. पहिली, साइटचं नाव. आमच्याकडे आलेल्या एका शाळेचं डोमेन कुणा पालकाने हौसेने स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं होतं. तो कॅनडाला गेला. नूतनीकरणाची पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहिली, मुदत संपली, आणि एका सोमवारी शाळेच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात उघडायला लागली. दहावीच्या वर्गातल्या एका मुलाने येऊन सांगितलं, तेव्हा ऑफिसला कळलं. ते नाव शाळेला परत मिळालंच नाही. छापलेले लिफाफे, फलक, बसवरची अक्षरं, सगळं बदलावं लागलं. म्हणून डोमेन आणि होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, शाळेच्या नावावर, शाळेच्या ईमेलवर, शाळेच्या पैशाने. तुम्ही नुसते चालवणारे. शिक्षणसंस्थांसाठीची डॉट एसी डॉट इन आणि डॉट ईडीयू डॉट इन ही नावं अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून मिळतात, त्यांना संस्थेची कागदपत्रं लागतात, त्यामुळे ती कुणा एका माणसाच्या खिशात जात नाहीत.

दुसरी जागा माझ्या स्वतःच्या चुकीची आहे आणि ती मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्या दिवशी सांगते. २०१४ च्या जूनमध्ये एका शाळेची पहिलीच्या प्रवेशाची यादी साइटवर द्यायची होती. ऑफिसातून एक्सेलची फाइल आली. मी ती तशीच पीडीएफ करून चढवली. मुलाचं नाव, जन्मतारीख, पालकांचं नाव, घरचा पत्ता, मोबाइल, दोनशेच्या वर मुलं. नऊ दिवस ती यादी तिथे होती. दहाव्या दिवशी एक बाई शाळेत आल्या. त्या नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या होत्या, मुलीला घेऊन नव्या जागी राहायला आल्या होत्या आणि तो पत्ता त्यांनी मुद्दाम कुणाला दिला नव्हता. नवऱ्याने मुलीचं नाव गूगलवर टाकलं आणि संध्याकाळी तो दाराशी येऊन उभा राहिला. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. ‘तुम्हाला कसं माहीत असणार,’ एवढंच म्हणाल्या. पण मला माहीत असायला हवं होतं, तेच माझं काम होतं. यादी त्याच मिनिटाला काढली, शोधयंत्रांतूनही निघावी म्हणून मागे लागले. त्या बाईंना मात्र पुन्हा घर बदलावं लागलं.

तेव्हापासून आमच्या साइटवर प्रवेशाची यादी फक्त अर्जक्रमांकांची असते. खेळाच्या फोटोखाली मुलाचं पूर्ण नाव आणि वर्ग एकत्र देत नाही. २०२३ मध्ये आलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल ‘बालक’ धरलंय, त्याची माहिती वापरायला आईवडिलांची पडताळता येण्यासारखी संमती हवी म्हटलंय, मुलांचा माग काढणाऱ्या आणि त्यांना हेरून दाखवायच्या जाहिरातींना मनाई केलीय, आणि मुलांच्या बाबतीतली कर्तव्यं मोडली तर दंड दोनशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. ट्रस्टींना कायद्याचं सांगा, ते ऐकतील. तुम्ही स्वतः मात्र त्या बाई आठवा.

तिसरी लहानशी : पासवर्ड. एका पाकिटात घालून, सील करून मुख्याध्यापकांच्या कपाटात. उद्या तुम्हा दोघा मित्रांचं बिनसलं तरी शाळा अडायला नको.

एआय पाच मिनिटांत साइट करून देतं, धडाही लिहून देतं. मग हे शिकण्यात अर्थ आहे का? – अकोटा

साइटचा सांगाडा ते खरंच लवकर करून देतं, आम्हीही वापरतो. पण मागच्याच महिन्यात आम्ही त्याच्याकडून दुसरीच्या बेरजेचा धडा मराठी आणि गुजराती दोन्हींत मागवला. मराठीत ‘वाहून नेलेली संख्या’ असं आलं. आपण ‘हातचा’ म्हणतो, आणि गुजराती शाळेत ‘वद्दी’ म्हणतात. बाईंनी वर्गात ‘हातचा एक’ म्हणायचं आणि फोनवर मुलाला ‘वाहून नेलेली संख्या’ दिसायची, तर ते मूल दोन्हींवरचा विश्वास घालवून बसेल. उदाहरणात पिझ्झाचे आठ तुकडे होते. आमच्यातल्या एकीने तिथे खाखरा घातला, आणि मग तिलाच आठवलं की खाखऱ्याचे कुणी सारखे आठ तुकडे करत नाही, तो मोडतो तसा मोडतो. शेवटी सुखडीच्या वड्या घातल्या, कारण ताटात थापलेली सुखडी घरोघरी सुरीनेच सारखी कापतात. हा विचार करायला दोघींना वीस मिनिटं लागली आणि धड्यातली तीच वीस मिनिटं मला मोलाची वाटतात. शिका, नक्की शिका.

माझी दृष्टी लहानपणापासून फार अधू आहे. बी.ए. झालोय, संगणक स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवतो, सध्या एका कॉल सेंटरमध्ये आहे. शाळांच्या तंत्रज्ञानाच्या कामात माझ्यासारख्याला जागा आहे का, की मी नुसती आशा धरतोय? – फतेहगंज

दादा, जागा आहे, आणि तुमच्या पत्राची मी दोन वर्षं वाट बघतेय म्हटलं तरी चालेल.

साइट आणि अ‍ॅप सगळ्यांना वापरता येतात की नाही हे तपासणं, हे स्वतंत्र काम आहे, त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटी टेस्टिंग म्हणतात. त्याचे जगभर मानलेले नियम आहेत, त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा आहे. नियम डोळस माणूसही पाठ करतो. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक साध्या अक्षरांना किमान साडेचारास एक हवा, हे आमच्या मुली यंत्रावर मोजतात. पण पान कानाने ऐकताना माणूस कुठे हरवतो, ते तुम्हालाच कळणार.

तुम्हाला हे अनुभवाने माहीत असेल. शाळेची साइट उघडली की स्क्रीन रीडर म्हणतो : बटन, बटन, बटन, चित्र, बटन. कुणी त्यांना नावंच दिलेली नसतात. सुट्टीची सूचना म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो, त्यातलं एक अक्षर वाचलं जात नाही. जुन्या मराठी-गुजराती फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखी कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसल्याने रीडर इंग्रजी अक्षरांची भेळ वाचून दाखवतो. गंमत म्हणून सांगत नाही, बडोद्यातल्याच एका साइटवर मी हे कान देऊन ऐकलंय आणि मला फार वाईट वाटलं. त्या शाळेत अंध मुलगी शिकत होती.

सुरुवात अशी करा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर तुमच्याकडे असेलच, नसेल तर घ्या, मोफत आहे. पाच शाळांच्या साइट निवडा आणि प्रत्येकीवर तीनच कामं करायचा प्रयत्न करा : पुढची सुट्टी कधी आहे ते शोधणं, शुल्क किती ते शोधणं, शाळेशी संपर्क साधणं. कुठल्या पायरीवर किती वेळ गेला आणि कुठे हात टेकले, ते क्रमाने लिहा. प्रत्येक अडचणीखाली उपायाची एक ओळ, म्हणून एचटीएमएलची ओळख हवी; मथळे, लेबल, चित्राचं वर्णन, एवढं आलं तरी खूप. कॉल सेंटरची नोकरी इतक्यात सोडू नका, पण अडलेल्या माणसाचं शांतपणे ऐकून घेण्याची जी सवय तिथे लागली असेल ती इथे रोज लागेल.

मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत तुम्ही गेला असाल. तिथल्या कपाटांच्या मजल्यांना काचेच्या फरशा आहेत, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत जावा म्हणून. तुम्हाला त्या दिसल्या नसतील, पण पायाला कळल्या असतील, चालताना आवाज वेगळा येतो. आमच्या एका नव्या धड्याचं काम पुढच्या महिन्यात संपतंय, सातवीचं विज्ञान, प्रकाशाचं परावर्तन. त्यातली आरशाची आकृती कानाला कशी सांगायची, यावर आमचं गाडं अडलंय. तीन वेळा वर्णन लिहिलं, तिन्ही वेळा पुसलं. मासिकाच्या पत्त्यावर तुमचा होकार कळवा, धडा पाठवते. तपासणीचे पैसे देऊ, किती ते तुम्ही सांगा.